लाइव्ह मायग्रेशनच्या आधी प्रोसेसरचं घड्याळ कसं तपासावं: नव्या ॲडमिनसाठी

मराठवाड्यात सर्व्हर रूम आता फक्त वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या एमआयडीसीपुरती राहिलेली नाही. धाराशिव-बीडकडचा साखर कारखाना, लातूरची अडत, नांदेड-परभणीची महाविद्यालयं, जालन्याची स्टील मिल, कुठंही गेलात तरी कोपऱ्यातल्या रॅकमध्ये दोन-तीन सर्व्हर आणि त्यांवर लिनक्समधल्या केव्हीएम या सोयीवर चालणारी काही व्हर्च्युअल मशीन सापडतात. हे सर्व्हर एकदम घेतलेले नसतात. एक जुन्या बजेटमधला, दुसरा पुढची मंजुरी मिळाली तेव्हाचा, तिसरा वापरलेला घेतलेला. त्यामुळं प्रोसेसरच्या पिढ्या वेगवेगळ्या असतात. आणि याच सर्व्हरमध्ये चालू मशीन इकडून तिकडं हलवायची वेळ येते. महावितरणचं देखभालीचं शटडाउन असतं, मे महिन्यात एसी बंद पडतो, किंवा ऐन गळीत हंगामात जुन्या सर्व्हरची दुरुस्ती निघते आणि गाडीकाटा तर थांबवता येत नाही.

मशीन बंद न करता हलवणं म्हणजे लाइव्ह मायग्रेशन. मेमरी किती, नेटवर्क कसं, डिस्क सामायिक आहे का, हे सगळं नवा माणूस तपासतो, कारण ते चुकलं तर मायग्रेशन तिथंच अडतं. प्रोसेसरच्या घड्याळाचं तसं नसतं. ते जुळत नसलं तरी मायग्रेशन शंभर टक्क्यांपर्यंत जातं, मशीन पलीकडं सुरू होतं, पिंग मिळतो, आणि आतली वेळ मात्र त्या क्षणापासून चुकीच्या गतीनं चालू शकते. म्हणून माझा आग्रह एकच आहे. घड्याळाची फ्रिक्वेन्सी मशीनच्या व्याख्येत स्पष्ट लिहा, म्हणजे न जुळणारा होस्ट, मशीन ज्यावर चालतं तो खरा सर्व्हर, आधीच नकार देईल. हे कसं करायचं ते खाली सांगतो.

फाइलींची आणि आज्ञांची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टंकायची.

आधी टीएससी समजून घ्या

प्रोसेसरमध्ये टाइम स्टॅम्प काउंटर, म्हणजे टीएससी, नावाचा ६४ बिटांचा मोजक असतो. १९९३च्या पेंटियमपासून तो एक्स८६ प्रोसेसरमध्ये आहे. तो सतत वाढत राहतो आणि आरडीटीएससी या सूचनेनं कुठलाही प्रोग्राम तो वाचू शकतो. वाचायला अतिशय स्वस्त, म्हणून लिनक्स शक्यतो त्याच्यावरच वेळ चालवतं.

पूर्वी हा मोजक प्रोसेसरच्या चालू वेगाबरोबर कमी-जास्त व्हायचा. आताच्या सर्व्हरमध्ये तो एका ठरावीक गतीनं चालतो, प्रोसेसर टर्बोत असो की झोपेत. '/प्रॉक/सीपीयूइन्फो' या फाइलमध्ये याच्या दोन खुणा दिसतात: कॉन्स्टंट_टीएससी आणि नॉनस्टॉप_टीएससी. त्याच फाइलमध्ये 'सीपीयू मेगाहर्ट्झ' अशी एक ओळ असते, तिच्याकडं बघून मात्र काही ठरवू नका. ती त्या क्षणाचा कोअरचा वेग सांगते, टीएससीची गती नाही. नवखी मुलं हमखास हाच आकडा दोन्ही सर्व्हरवर जुळवत बसतात.

गेस्ट, म्हणजे आतलं व्हर्च्युअल मशीन, सुरू होताना एकदाच ठरवतं की एका सेकंदात टीएससीचे किती टिक्स, म्हणजे ठोके, पडतात. पुढं ते फक्त टिक्स मोजतं. अडतीवर कट्टे मोजणाऱ्या मुनिमानं प्रत्येक कट्टा साठ किलोचा धरला आणि मधूनच अठ्ठावन्न किलोचे कट्टे यायला लागले, तर त्याची मोजदाद बरोबर राहील आणि वजन चुकेल. गेस्टचं अगदी हेच होतं.

किती चुकेल ते आकड्यात बघा. मशीन २.४ गिगाहर्ट्झ टीएससीच्या सर्व्हरवर सुरू झालं आणि २.५ गिगाहर्ट्झच्या सर्व्हरवर गेलं. मध्ये काही दुरुस्ती झाली नाही, तर गेस्टचं घड्याळ दर तासाला १५० सेकंद पुढं पळतं. कारखान्याच्या आठ तासांच्या एका पाळीत वीस मिनिटं. काट्यावरची पावती, गेटवरची नोंद आणि बँकेकडं जाणारा व्यवहार यांच्या वेळा एकमेकींशी जुळणार नाहीत, आणि ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला त्याचं कारण कुणी सांगू शकणार नाही.

नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी एनटीपी सेवा आहे की, असं वाटेल. पण जुना एनटीपीडी घड्याळाची गती दहा लाखात ५०० भागांपर्यंतच सुधारू शकतो. वरच्या उदाहरणातली चूक दहा लाखात सुमारे ४१,६६७ भाग आहे. गती त्याच्या हाताबाहेर गेली की तो घड्याळाला पुन्हापुन्हा मागं ढकलतो, आणि डेटाबेसला मागं जाणारी वेळ पुढं पळणाऱ्या वेळेपेक्षा जास्त त्रास देते.

दहा लाखातले भाग, म्हणजे पीपीएम. हे एकक पुढं सारखं लागणार आहे.

पायरी १: दोन्ही होस्टना त्यांची गती विचारा

लिबव्हर्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं साधन, वापरत असाल तर हे फार सोपं आहे. दोन्ही सर्व्हरवर 'व्हर्श कॅपॅबिलिटीज' चालवा. वरच्याच भागात, होस्टच्या सीपीयूच्या माहितीत, 'काउंटर' नावाची एक ओळ असते. तिच्यात नाव टीएससी, मग फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये, आणि शेवटी स्केलिंग 'येस' की 'नो'. या तीन गोष्टी वहीत उतरवा. ही ओळच दिसत नसेल तर लिबव्हर्ट जुनं आहे किंवा केव्हीएम नीट चालू नाही. आधी ते बघा.

लिबव्हर्ट नसेल तर कर्नलच्या नोंदी बघा. 'डीमेसेज'मध्ये टीएससी शोधलंत की बूटच्या वेळी मोजलेली गती मेगाहर्ट्झमध्ये मिळते. 'रिफाइन्ड' असा शब्द असलेली ओळ असेल तर तिचाच आकडा घ्या, तो जास्त काळ मोजून काढलेला असतो.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. काही प्रोसेसर आपली टीएससीची गती स्वतःच अचूक सांगतात. जुन्या बऱ्याच प्रोसेसरवर मात्र कर्नलला ती दुसऱ्या एखाद्या टायमरच्या आधारानं मोजावी लागते. मोजमाप आलं की थोडा फरक आलाच. त्यामुळं एकाच सर्व्हरवर दोन रीबूटनंतर २,३९,४४,५४,००० आणि २,३९,४४,५७,००० हर्ट्झ असे दोन आकडे दिसले तर घाबरू नका. हा फरक सव्वा पीपीएमच्या आसपास आहे, म्हणजे नगण्य.

याच्या उलट सापळाही असतो. दोन्ही सर्व्हरवर 'प्रोसेसर २.४० गिगाहर्ट्झ' असं लिहिलेलं असतं आणि एकाची टीएससी २,३९,४४,५४,००० हर्ट्झ, दुसऱ्याची २,३९,९९,९८,००० हर्ट्झ निघते. फरक ५५,४४,००० हर्ट्झ, म्हणजे सुमारे २,३१५ पीपीएम. दिवसाला जवळपास २०० सेकंद. खोक्यावरचा आकडा खरेदीच्या टेंडरसाठी ठीक आहे, मायग्रेशनसाठी नाही.

पायरी २: होस्ट स्वतः टीएससीवर चालतोय का?

'/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स' ही फाइल दोन्ही होस्टवर उघडा. उत्तर 'टीएससी' यायला हवं. 'एचपेट' किंवा 'एसीपीआय_पीएम' (हे दुसरे, संथ टायमर) आलं तर कर्नलनं त्या होस्टवरची टीएससी विश्वासार्ह नाही म्हणून बाजूला ठेवली आहे. 'डीमेसेज'मध्ये टीएससीला 'अनस्टेबल' ठरवल्याची ओळ सापडेल. असा होस्ट मायग्रेशनच्या गटात घेऊच नका. बायोस अपडेट करा, कारण शोधा, तोवर त्यावर बंद करून हलवता येतील अशीच मशीन ठेवा.

सीपीयूइन्फोमधल्या मघाच्या दोन खुणाही याच वेळी बघून घ्या.

पायरी ३: स्केलिंग आहे का?

टीएससी स्केलिंग म्हणजे प्रोसेसरनं गेस्टला दाखवायच्या मोजकाला हार्डवेअरमध्येच गुणून देणं. २.५वर चालणारा होस्ट गेस्टला २.४चीच टीएससी दाखवू शकतो, आणि त्यासाठी गेस्टला काही कळावंही लागत नाही. ही सोय असेल तर निम्मी काळजी मिटते.

इंटेलमध्ये ती स्कायलेक पिढीच्या सर्व्हर प्रोसेसरपासून दिसते, एएमडीमध्ये त्याच्या बरीच आधीपासून आहे. पण पिढीचं नाव ऐकून ठरवू नका, यंत्राला विचारा. 'व्हर्श कॅपॅबिलिटीज'मधलं स्केलिंगचं 'येस-नो' हेच उत्तर. ताडून बघायचं असेल तर एएमडीवर सीपीयूइन्फोच्या फ्लॅग्जमध्ये 'टीएससी_स्केल' शोधा, आणि इंटेलवर, कर्नल नवा असेल तर, 'व्हीएमएक्स फ्लॅग्ज' या ओळीत 'टीएससी_स्केलिंग'.

आपल्याकडं बहुतेक ठिकाणी चित्र असं असतं: जुना सर्व्हर 'नो', नवा 'येस'. याचा परिणाम दिशेवर होतो. जुन्याकडून नव्याकडं जाताना नवा जुळवून घेतो. नव्यावर जन्मलेलं मशीन जुन्यावर आणताना जुना जुळवून घेऊ शकत नाही. एका दिशेनं चाचणी करून निर्धास्त झालेला ॲडमिन नेमका परतीच्या वाटेवर अडकतो.

पायरी ४: गेस्ट कुठल्या घड्याळावर आहे?

आता व्हर्च्युअल मशीनच्या आत जा आणि तीच 'करंट_क्लॉकसोर्स' फाइल तिथं वाचा. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून इथं थोडं थांबतो.

उत्तर 'केव्हीएम-क्लॉक' आलं तर तुम्ही बऱ्यापैकी सुरक्षित आहात. हे पॅराव्हर्च्युअल घड्याळ. होस्ट आणि गेस्ट यांच्यात मेमरीचं एक सामायिक पान असतं, त्यात टिक्सवरून वेळ काढण्याचा गुणक होस्ट लिहितो. मशीन नव्या होस्टवर उतरलं की नवा होस्ट आपल्या गतीप्रमाणं नवा गुणक लिहितो, त्यामुळं गेस्टची सिस्टम वेळ बिघडत नाही. अडचण राहते ती फक्त आरडीटीएससी थेट वाचणाऱ्या प्रोग्रामची. काही डेटाबेस, कामगिरी मोजणारी साधनं आणि काही मालकीची सॉफ्टवेअर तसं करतात. विक्रेत्याला विचारा.

उत्तर 'टीएससी' आलं तर बाकीचा लेख तुमच्यासाठीच आहे. गेस्ट तिथं दोन कारणांनी पोचतो. एक, कुणीतरी बूटच्या ओळीत 'क्लॉकसोर्स=टीएससी' लिहून ठेवलेलं असतं, बहुधा वेग वाढवायच्या सल्ल्यावरून. दुसरं, मशीनला इन्व्हटीएससी हे सीपीयू फीचर दिलेलं असतं. या फीचरनं होस्ट गेस्टला शब्द देतो की ही टीएससी कधीही गती बदलणार नाही. लिनक्सचं नवं कर्नल हा शब्द मिळाला की केव्हीएम-क्लॉकपेक्षा टीएससीला पसंती देतं. शब्द दिला तर तो दुसऱ्या होस्टवरही पाळावा लागतो. म्हणूनच इन्व्हटीएससी चालू आहे आणि फ्रिक्वेन्सी स्पष्ट लिहिलेली नाही अशा मशीनचं मायग्रेशन क्यूएमू, म्हणजे होस्टवर मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम, करूच देत नाही.

'एसीपीआय_पीएम' किंवा 'एचपेट' आलं तर वेळ बहुधा बरोबर असेल, पण प्रत्येक वेळ वाचताना गेस्टला होस्टकडं जावं लागतं आणि मशीन संथ होतं. आधी कधीतरी झालेल्या चुकीच्या मायग्रेशननंतर कर्नलनं टीएससी सोडून दिली असण्याचीही शक्यता असते. गेस्टचा 'डीमेसेज' वाचा.

पायरी ५: २५० पीपीएमचा हिशेब

सूत्र असं: दोन गतींमधला फरक, भागिले मूळ गती, गुणिले दहा लाख. उत्तर २५०च्या आत असेल तर स्केलिंगशिवायही चालतं.

हा आकडा हवेतून आलेला नाही. एनटीपीची सुधारण्याची मर्यादा ५०० पीपीएम, तिचा निम्मा भाग केव्हीएमनं सहनमर्यादा म्हणून धरला आहे. उरलेला निम्मा खऱ्या क्रिस्टलच्या चुकीसाठी मोकळा राहतो. क्यूएमू आणि लिबव्हर्ट याच मर्यादेवर चालतात. लिबव्हर्ट आधी काटेकोर जुळणी मागायचं, आणि मोजून काढलेल्या गतीच्या सर्व्हरवर रीबूटनंतर तेच मशीन सुरू व्हायला नकार द्यायचं. त्यामुळं पुढं ही सवलत आली.

२५० पीपीएम म्हणजे तासाला ०.९ सेकंद, दिवसाला २१.६ सेकंद. एनटीपी चालू असेल तर हे सहज सावरतं. एनटीपी बंद असेल तर आठवड्याला अडीच मिनिटं होतात. म्हणजे मर्यादेच्या आत आहोत म्हणून गेस्टमधली वेळजुळणी बंद ठेवायची मुभा मिळत नाही.

आपल्या उदाहरणात मूळ गती २,३९,४४,५४,००० हर्ट्झ. २५० पीपीएम म्हणजे साधारण ५,९८,६०० हर्ट्झ वर किंवा खाली. दुसरा होस्ट या पट्ट्यात असेल तर पुढं जा.

'/सिस/मॉड्यूल/केव्हीएम/पॅरामीटर्स/टीएससी_टॉलरन्स_पीपीएम' इथं केव्हीएमचा आकडा दिसतो आणि तो बदलता येतो, हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. तो वाढवू नका. लिबव्हर्टची तपासणी त्यानं बदलत नाही, आणि बदलली असती तरी घड्याळ सुधारलं नसतं, फक्त तक्रार बंद झाली असती.

पायरी ६: कुठली गती लिहायची ते ठरवा

दोनच होस्ट असतील आणि दोन्ही पट्ट्यात असतील तर कुठल्याही एकाची लिहा. एक 'नो' आणि बाकीचे 'येस' असतील तर 'नो'वाल्याची गती लिहा. तो वाकू शकत नाही, बाकीचे वाकू शकतात. तीन-चार सर्व्हरच्या गटात हाच नियम.

दोन होस्ट 'नो' आहेत आणि त्यांच्यात २५०पेक्षा जास्त फरक आहे, तर त्यांच्यात इन्व्हटीएससीचं लाइव्ह मायग्रेशन होणार नाही, हे मान्य करून टाका. दोन मार्ग उरतात. इन्व्हटीएससी काढून गेस्टला केव्हीएम-क्लॉकवर आणणं, हा लहान संस्थेसाठी चांगला मार्ग. कारखान्याच्या काट्याला किंवा महाविद्यालयाच्या प्रवेश प्रणालीला केव्हीएम-क्लॉक पुरेसं अचूक आहे. नाहीतर ते मशीन रात्री बंद करून दुसरीकडं सुरू करा. बंद करून सुरू केलं की गेस्ट नव्या होस्टची गती नव्यानं ठरवतो आणि प्रश्नच उरत नाही.

साहेब लोक विचारतील की नवा सर्व्हर असताना हे कशाला. त्यांना पीपीएम सांगू नका, पाळीत वीस मिनिटं सांगा.

पायरी ७: व्याख्येत लिहा

'व्हर्श एडिट' करून मशीनची एक्सएमएल उघडा. 'क्लॉक' या टॅगच्या आत एक 'टायमर' टॅग घाला: नाव टीएससी, फ्रिक्वेन्सी २३९४४५४०००. आकडा हर्ट्झमध्ये, स्वल्पविराम न देता. किलोहर्ट्झचा आकडा चुकून पडला तर हजारपटीनं कमी होतो, तेव्हा दहा अंक आहेत ना ते मोजून बघा. गेस्टला टीएससीवरच चालवायचं असेल तर 'सीपीयू' टॅगमध्ये 'इन्व्हटीएससी' फीचर 'रिक्वायर' या धोरणानं घाला. फ्रिक्वेन्सी न लिहिता नुसतं फीचर घातलं तर मायग्रेशन अडेल, हे वर आलंच आहे.

'क्लॉक'चा 'ऑफसेट' लिनक्सला 'यूटीसी' आणि विंडोजला सहसा 'लोकलटाइम' ठेवतात. तो सुरुवातीची वेळ ठरवतो, गतीशी त्याचा संबंध नाही.

सीपीयूचं मॉडेलही दोन्ही होस्टना झेपेल असं, नावानं दिलेलं ठेवा. 'व्हर्श हायपरव्हायझर-सीपीयू-बेसलाइन' ते काढून देतं. वेगळ्या पिढ्यांमध्ये होस्ट-पासथ्रू, म्हणजे होस्टचा प्रोसेसर जसाच्या तसा गेस्टला दाखवणं, वापरू नका.

आता महत्त्वाचं. बदल लागू व्हायला मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. गेस्टच्या आतून रीबूट दिला तर बाहेरची क्यूएमू प्रोसेस तीच राहते आणि जुनीच सेटिंग चालू राहते. हे काम हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास उरकून घ्या.

हे लिहिल्याचा फायदा काय? लिहिलं नसेल आणि होस्ट जुळत नसेल तर क्यूएमू एक सूचना नोंदवतं आणि पुढं जातं. फ्रिक्वेन्सी न जुळल्यावरून मायग्रेशन मोडायचं नाही, असं तिथं मुद्दाम ठरवलेलं आहे. लिहिलं असेल तर पलीकडचा लिबव्हर्ट मशीन घेण्याआधीच थांबतो आणि सांगतो की मागितलेली गती होस्टच्या गतीभोवतीच्या पट्ट्याबाहेर आहे आणि स्केलिंग नाही. मशीन मूळ जागी चालूच राहतं. काट्यावरच्या माणसाला काही कळतही नाही.

पायरी ८: होस्टची वेळ आधी जुळवा

क्रोनी हा एनटीपीनं वेळ जुळवणारा प्रोग्राम. दोन्ही होस्टवर त्याची 'क्रोनीसी ट्रॅकिंग' ही आज्ञा चालवा आणि सिस्टम वेळेचा फरक मिलिसेकंदात आहे ना ते बघा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडता येणाऱ्या सर्व्हरशी, वेळ जुळवायची आहे. लॉगही १८० दिवस ठेवायचे आहेत. लॉग ठेवायचे तर त्यांतली वेळ खरी हवी.

गेस्टमध्येही क्रोनी ठेवाच. मायग्रेशनच्या शेवटच्या टप्प्यात मशीन क्षणभर थांबतं, क्यूएमूची ठरलेली कमाल मर्यादा ३०० मिलिसेकंद असते. तेवढं घड्याळ मागं पडू शकतं. इंटरनेट वारंवार जाणाऱ्या ठिकाणी 'पीटीपी_केव्हीएम' मॉड्यूल लोड करून क्रोनीला '/डेव्ह/पीटीपी०' हा स्रोत द्या. गेस्ट थेट होस्टकडून वेळ घेतो, केबल तुटली तरी.

पायरी ९: चाचणीचं मशीन, जाऊन आणि येऊन

खऱ्या मशीनला हात लावायच्या आधी त्याच सेटिंगचं एक छोटं लिनक्स मशीन करा. त्याच्यात क्रोनी बंद ठेवा. क्रोनीची सुधारण्याची ताकद एनटीपीडीपेक्षा पुष्कळ जास्त आहे, ती चूक झाकून टाकेल आणि आपल्याला तर चूकच बघायची आहे.

'क्रोनीडी'ला मोठ्या क्यू अक्षराचा पर्याय आणि सर्व्हरचं नाव देऊन चालवलं की तो वेळ न बदलता फक्त फरक छापतो. फरक लिहा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा लिहा. ही मूळ होस्टवरची नोंद. मग 'व्हर्श मायग्रेट' 'लाइव्ह' आणि 'व्हर्बोज' या पर्यायांसह चालवा आणि पलीकडं पोचल्यावर तेच दोनदा करा. पोचल्याबरोबर दिसणारी छोटी उडी ही थांबण्याच्या क्षणाची. ती नको, दहा मिनिटांत फरक किती वाढला ते बघा. २५० पीपीएमच्या आत असाल तर दहा मिनिटांत ०.१५ सेकंदापेक्षा जास्त वाढणार नाही, अधिक तुमच्या होस्टच्या क्रिस्टलची स्वतःची थोडी चूक. आपल्या २,३१५ पीपीएमच्या उदाहरणात तेवढ्याच वेळात जवळपास १.४ सेकंद वाढेल. हा फरक डोळ्यांना लगेच कळतो.

मग पलीकडच्या होस्टवर '/व्हार/लॉग/लिबव्हर्ट/क्यूएमू' या फोल्डरमधली त्या मशीनची लॉग फाइल उघडा आणि 'मिसमॅच' शोधा. टीएससी फ्रिक्वेन्सी मिसमॅच आणि स्केलिंग अनअव्हेलेबल अशी सूचना दिसली तर हिरवा टिक विसरा, मायग्रेशन नापास. गेस्टची 'करंट_क्लॉकसोर्स' आधी होती तीच आहे ना, तेही बघा.

हे सगळं परतीच्या दिशेनंही करायचं. वीज आल्यावर मशीन मूळ जागी आणायचंच असतं.

विंडोज गेस्ट असेल तर

टॅलीसाठी किंवा जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज मशीन जवळपास सगळीकडं असतं. त्याला 'हायपरव्हीक्लॉक' टायमर चालू ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचं हे केव्हीएम-क्लॉकसारखंच सामायिक पान आहे आणि मायग्रेशननंतर होस्ट ते नव्यानं भरतो. सोबत आरटीसी आणि पीआयटी हे जुने टायमर असतात: आरटीसीचं धोरण 'कॅचअप', पीआयटीचं 'डिले' आणि एचपेट बंद. व्हर्ट-मॅनेजर नवीन मशीन करताना या तिन्ही गोष्टी स्वतःच टाकतो, हातानं लिहिलेल्या जुन्या एक्सएमएलमध्ये मात्र त्या नसतात. चाचणीची रीत तीच.

नोंदवही

प्रत्येक होस्टची एक ओळ ठेवा: टीएससी हर्ट्झमध्ये, स्केलिंग, होस्टचा क्लॉकसोर्स, कर्नल, तारीख. प्रत्येक मशीनची एक ओळ: गेस्टचा क्लॉकसोर्स, लिहिलेली फ्रिक्वेन्सी, इन्व्हटीएससी आहे की नाही, कुठून कुठं तपासलं. बायोस अपडेट, मदरबोर्ड किंवा प्रोसेसर बदल, होस्टच्या कर्नलचा मोठा अपडेट, यांतलं काहीही झालं की पहिल्या तीन पायऱ्या त्या होस्टवर पुन्हा करा. वापरलेला सर्व्हर घेणार असाल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून 'व्हर्श कॅपॅबिलिटीज'मधली ती काउंटरची एक ओळ मागवून घ्या आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघा.